घरी शॅमेलिऑनची वीण : जोडी लावण्यापासून पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत

शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याच्या व्हेल्ड जातीची सुदृढ मादी एका वेळी ३० ते ६० अंडी सहज घालते, त्यांतून पिल्ले बाहेर यायला सहा ते नऊ महिने लागतात आणि बाहेर आलेल्या प्रत्येक पिल्लाला दोन-तीन महिन्यांत स्वतःचा पिंजरा लागतो. नर आणि मादी एकत्र सोडण्याआधी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. चाळीस पिल्ले जगली तर ती कोठे राहणार, त्यांना रोज शेकडो बारीक किडे कोण पुरवणार आणि पुढे ती कोणाच्या घरी जाणार, या प्रश्नांना ठोस उत्तरे नसतील तर वीण घेऊ नये. हा इशारा सुरुवातीलाच देतो, कारण मीलन घडवून आणणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे.

शॅमेलिऑनच्या विणीत जे नुकसान होते, त्यातील बरेचसे उतावीळपणामुळे होते. मादीची वाढ पूर्ण होण्याआधी जोडी लावणे, बीळ उकरणाऱ्या मादीकडे पुन्हापुन्हा डोकावणे, पिल्ले लवकर यावीत म्हणून अंडी जास्त उबेत ठेवणे, अंड्यातून डोके बाहेर काढलेल्या पिल्लाला ओढून घेणे ही सारी एकाच प्रवृत्तीची रूपे आहेत. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर काय करावे याइतकेच, कोठे हात आवरावा हेही सांगितले आहे.

जात कोणती निवडावी

घरी वीण घेण्यासाठी दोन जाती सर्वाधिक पाळल्या जातात. व्हेल्ड शॅमेलिऑन ही येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातील जात आहे. ती काटक आहे आणि तिची अंडी उबवणे तुलनेने सरळ आहे. पँथर शॅमेलिऑन मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनारपट्टीवरचा. त्याची मादी साधारण १० ते ४० अंडी घालते, परंतु अंडी उबण्याचा काळ लांब आणि अनिश्चित असतो. जॅक्सन्स शॅमेलिऑन मात्र अंडी घालत नाही. त्याची मादी कित्येक महिने पिल्ले पोटात वागवते आणि थेट जिवंत पिल्लांना जन्म देते, त्यामुळे या लेखातील उबवणीचा भाग त्याला लागू नाही. नवख्याने व्हेल्डपासून सुरुवात करणे शहाणपणाचे आहे.

पँथरच्या बाबतीत एक पथ्य कसोशीने पाळावे. अंबिलोबे, नोसी बे, अंबान्जा, तामाताव, सांबावा अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या नरांचे रंग अगदी निरनिराळे असतात, परंतु माद्या मात्र जवळजवळ सारख्याच दिसतात. म्हणून मादी कोणत्या ठिकाणच्या वंशातली आहे याची खात्रीलायक नोंद असल्याशिवाय तिची जोडी लावू नये. एकदा वंश मिसळला की पुढच्या पिढीतील मादीकडे पाहून तो ओळखता येत नाही आणि ती चूक पुढे कित्येक घरांत पसरते.

या दोन्ही जाती वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि अनेक ठिकाणी शॅमेलिऑन पाळण्यावर किंवा विकण्यावर स्थानिक कायद्याचेही बंधन असते. आपण राहतो तेथील कायदा आधी वाचावा, कागदपत्रे पूर्ण असलेला आणि बंदिवासातच जन्मलेला प्राणी घ्यावा. जंगलातून पकडलेल्या शॅमेलिऑनच्या अंगात बहुधा परोपजीवी जंतू असतात, पकडण्याचा आणि प्रवासाचा ताण त्याला सोसलेला नसतो, आणि अशी मादी अंडी घालण्याच्या श्रमात अनेकदा दगावते. जंगलातील प्राणी कमी करून घरची वीण वाढवणे समर्थनीय नाही.

जोडी लावण्याआधीचे वर्ष

व्हेल्डची मादी पाच-सहा महिन्यांतच अंडी घालण्याइतकी वयात येऊ शकते, आणि येथेच पहिला मोह होतो. त्या वयात तिची स्वतःची हाडे अजून वाढत असतात. अंड्यांच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम शरीर तिच्याच हाडांतून काढून घेते, आणि पुढे हाडे मऊ पडणे, जबडा वाकणे, अंडी अडकणे असे विकार उद्भवतात. मादीचे वय निदान एक वर्ष होईपर्यंत, तिची वाढ पूर्ण होईपर्यंत आणि अंग भरेपर्यंत थांबावे; मात्र ती लठ्ठ नसावी. नरासाठी नऊ महिने ते एक वर्ष हे वय योग्य ठरते.

या काळात दोघांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत, एकमेकांच्या नजरेआड ठेवावे. शॅमेलिऑन हा एकट्याने राहणारा प्राणी आहे. दुसरा शॅमेलिऑन सतत डोळ्यांसमोर असणे हाच त्याच्यासाठी ताण असतो. पिंजरा हवा खेळती राहील असा जाळीचा असावा. नरासाठी साधारण ६० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच पिंजरा योग्य, मादीला थोडा लहान चालतो. त्यात आडव्या-उभ्या फांद्या आणि लपायला पुरेशी पाने असावीत. शेकण्याच्या जागेचे तापमान नरासाठी २९ ते ३१ अंश सेल्सिअस असावे, मादीसाठी २७ च्या आसपास पुरे. रात्री पारा २० च्या खाली उतरला तरी निरोगी प्रौढाला ते मानवते, किंबहुना उपयोगीच ठरते. अतिनील-ब किरणे देणारा नळीचा दिवा रोज बारा तास लावावा आणि त्याची किरणे कालांतराने कमजोर होतात म्हणून तो उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावा. या किरणांशिवाय त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ते नसेल तर खाऊ घातलेले कॅल्शियम अंगी लागत नाही.

खाद्य म्हणून रातकिडे, दुबिया झुरळे, रेशमाच्या अळ्या, काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असे वेगवेगळे किडे आलटून पालटून द्यावेत. किड्यांना आधी स्वतः पोटभर ताजी पालेभाजी, गाजर, भोपळा असे खाऊ घालावे, कारण किड्याच्या पोटात जे असते तेच शॅमेलिऑनला मिळते. ड-३ नसलेली कॅल्शियम पावडर जवळजवळ प्रत्येक जेवणाला किड्यांवर हलकी भुरभुरावी. ड-३ आणि इतर जीवनसत्त्वांची पावडर महिन्यातून दोनदाच द्यावी, कारण त्यांचा अतिरेकही अपाय करतो.

प्रौढ व्हेल्ड मादीच्या बाबतीत खाण्यावर हात आखडता घेणे फार महत्त्वाचे आहे. भरपूर खाद्य आणि जास्त ऊब मिळाली की तिचे शरीर अंड्यांची संख्या वाढवते, आणि ऐंशीपर्यंत अंडी घालणारी मादी त्या ओझ्याने लवकर खचते. वाढ पूर्ण झालेल्या मादीला एक दिवसाआड तीन-चार मध्यम आकाराचे किडे पुरतात. अशी मादी कमी अंडी घालते, पण ती अंडी दमदार असतात आणि ती स्वतः जास्त जगते. मोठ्या संख्येच्या घोसाचा, म्हणजे एका खेपेला घातलेल्या अंड्यांचा, अभिमान बाळगणे मला मुळीच पटत नाही. त्याची किंमत मादी मोजते.

जोडी लावण्याच्या महिनाभर आधी दोघांची विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घ्यावी आणि जंत आढळले तर औषधोपचार पूर्ण करूनच पुढे जावे. अंड्यावर असलेल्या मादीला जंताचे औषध देण्याची वेळ येऊ नये.

मीलन

मादी राजी आहे की नाही हे तिचा रंग सांगतो. राजी असलेली व्हेल्ड मादी फिकट हिरवी दिसते आणि तिच्या अंगावर निळसर ठिपके उमटतात. पँथरची मादी सर्वांगावर एकसारखी फिकट गुलाबी किंवा पिकलेल्या पीचच्या रंगाची होते. नकार देणारी मादी काळपट पडते, तोंड वासते, फुसफुसते, अंग डोलवते आणि नरावर धावूनही जाते.

आधी दोघांना दोन-तीन फुटांवरून एकमेकांचे दर्शन घडवावे. मादी शांत राहिली, रंग उजळच राहिला आणि ती सावकाश तोंड फिरवून चालू लागली तर तिला नराच्या पिंजऱ्यात सोडावे. नर रंग फुलवतो, मान झटक्याने हलवतो आणि तिच्यामागे जातो. मीलन साधारण दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालते. या वेळी दूर बसून लक्ष ठेवावे, पण मध्ये हात घालू नये. मादीने नकाराचा रंग घेतला तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता तिला बाहेर काढावे आणि आठवडाभराने पुन्हा पाहावे. जबरदस्तीने एकत्र ठेवलेल्या जोडीत चावे बसतात, डोळ्यांना इजा होते.

मीलन झाल्यावर एक ते तीन दिवसांत मादीचा रंग गडद होतो. व्हेल्डच्या गडद हिरव्या, जवळजवळ काळ्या अंगावर पिवळे-निळे ठिपके दिसतात. पँथरची मादी काळसर तपकिरी होऊन तिच्यावर नारिंगी पट्टे उठतात. हा रंग दिसताच दोघांना वेगळे करावे. मीलनाची तारीख त्याच दिवशी वहीत लिहावी, कारण पुढची सारी तयारी तिच्यावरून मोजायची असते. मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते, म्हणून एका मीलनानंतर पुढच्या खेपेची अंडीही फलित निघू शकतात. दर खेपेला नराकडे नेण्याची गरज नसते.

अंड्यावर आलेली मादी आणि अंडी घालण्याची जागा

व्हेल्ड मादी मीलनानंतर साधारण २० ते ३० दिवसांनी, पँथर तीन ते सहा आठवड्यांनी अंडी घालते. या काळात तिला हातात घेणे बंद करावे, पाण्याचे फवारे वाढवावेत आणि कॅल्शियम चुकवू नये.

अंडी घालण्याची पेटी मीलनाच्या दहाव्या-बाराव्या दिवशीच तयार ठेवावी. नराशी कधीही गाठ न पडलेली व्हेल्ड मादीसुद्धा अफलित अंडी घालते, म्हणून वीण घ्यायची नसली तरी प्रौढ मादी पाळणाऱ्या प्रत्येकाकडे ही पेटी असलीच पाहिजे. ती किमान ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि तितकीच खोल भरलेली असावी. मोठी असेल तर उत्तम. आत स्वच्छ धुतलेली बारीक वाळू, किंवा वाळू आणि खत न मिसळलेली माती निम्मी-निम्मी भरावी. ओलावा इतका असावा की बोटाने केलेले भोक ढासळणार नाही, पण तळाशी पाणी साचणार नाही. हाताने पेटीच्या तळापर्यंत भोक करून पाहावे. ते उभे राहिले तर मादीचे बीळही उभे राहील. बीळ ढासळत राहिले की मादी थकते आणि अंडी धरून ठेवते, म्हणून ही परीक्षा वगळू नये.

वेळ जवळ आली की तिच्या बरगड्यांखाली अंड्यांचे उंचवटे दिसतात, ती खाणे कमी करते, अस्वस्थपणे पिंजऱ्यात खाली-वर करते आणि जमिनीवर उतरून उकरू लागते. तिने उकरायला सुरुवात केली की पिंजऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाभोवती कापड लावावे आणि त्या खोलीतला वावर थांबवावा. आपल्याकडे कोणी पाहत आहे असे जाणवले तर ती अर्धे झालेले बीळ सोडून देते. एक-दोन बिळे अर्धवट टाकून तिसऱ्यात अंडी घालणे हे नेहमीचेच आहे, त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नये. पूर्ण काम एका दिवसात उरकते किंवा दोन-तीन दिवस चालते. रात्री ती बिळातच झोपली तर तिला तेथेच राहू द्यावे. अंडी घालून झाली की ती बीळ स्वतः बुजवते आणि माती पायांनी चेपते. ते संपल्याखेरीज पेटीला हात लावू नये.

एक प्रसंग मात्र असा आहे की तेथे थांबणे घातक ठरते. मादी दिवसा डोळे मिटून तळाशी पडून राहू लागली, पकड ढिली झाली, रंग काळवंडला किंवा अनेक दिवस उकरूनही अंडी आली नाहीत, तर अंडी अडकली आहेत असे समजून त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे. क्ष-किरण छायाचित्रात अंडी स्पष्ट दिसतात. कॅल्शियमचे आणि ऑक्सिटोसिनचे (अंडी बाहेर ढकलायला मदत करणाऱ्या संप्रेरकाचे) इंजेक्शन, आणि त्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया, हे उपचार उपलब्ध आहेत, पण ते वेळेत झाले तरच मादी वाचते. घरी पोट दाबून अंडी काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण आत अंडे फुटले तर जंतुसंसर्ग होतो. आपल्या भागात असा पशुवैद्य कोण आहे हे मीलनाच्या आधीच शोधून ठेवावे.

अंडी घालून आलेली मादी निस्तेज, पोट आत गेलेली आणि तहानेने व्याकूळ असते. तिला वीसेक मिनिटे पाण्याचा हलका फवारा द्यावा, म्हणजे ती पानांवरचे थेंब पीत राहील. पुढचे आठवडाभर रोज कॅल्शियम लावलेले किडे भरपूर द्यावेत आणि मग पुन्हा नेहमीच्या मोजक्या आहारावर आणावे.

अंडी उचलणे

मादी पिंजऱ्यात वर परतली की पेटी बाहेर काढून माती वरून थराथराने बोटांनी हलवावी. चमचा किंवा खुरपे खोलवर खुपसू नये. अंडी पांढरी, चिवट कवचाची आणि सुमारे दीड सेंटिमीटर लांब असतात. बहुधा ती पेटीच्या तळाशी किंवा कोपऱ्यात सापडतात. प्रत्येक अंडे ज्या बाजूने वर होते त्याच स्थितीत उचलावे आणि वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलकी खूण करावी. घातल्यानंतर पहिल्या दिवसात अंडे थोडे फिरले तर बहुधा बिघडत नाही, कारण व्हेल्डच्या अंड्यातील गर्भ त्या वेळी अगदी प्राथमिक अवस्थेत असतो. परंतु तो कवचाच्या आतल्या बाजूला स्थिरावला की फिरवलेले अंडे मरते. कोंबडीची अंडी उबवताना ती फिरवावी लागतात. ती सवय येथे पूर्णपणे विसरावी.

फलित अंडे पांढरेशुभ्र आणि टणक दिसते. पिवळसर, लिबलिबीत, सुरकुतलेली अंडी बहुधा अफलित असतात, पण पहिल्या दिवशीच ती फेकू नयेत; वेगळ्या डब्यात ठेवून महिनाभर वाट पाहावी. सारीच पिल्ले वाढवण्याची तयारी नसेल तर जास्तीची अंडी याच दिवशी वेगळी काढून शीतपेटीत गोठवावीत. गर्भ जवळजवळ आकारालाच आलेला नसतो, त्यामुळे हा निर्णय आज घेणे हे पुढे तीस पिल्लांची आबाळ करण्यापेक्षा कितीतरी दयाळूपणाचे आहे.

उबवणी

झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्यावा आणि त्यात पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा वर्मिक्युलाइट किंवा परलाइट या ओलावा धरून ठेवणाऱ्या हलक्या, दाणेदार खनिजाचा थर द्यावा. १०० ग्रॅम कोरड्या वर्मिक्युलाइटला ८० ते १०० ग्रॅम पाणी हे वजनाचे प्रमाण चांगले ठरते. मूठभर घेऊन घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब गळावा. धार लागली तर ते जास्त ओले आहे. अंगठ्याने खळगे करून अंडी निम्मी आत, निम्मी बाहेर अशी ठेवावीत आणि दोन अंड्यांत एक-दीड सेंटिमीटर अंतर राखावे, म्हणजे एक नासले तरी बुरशी दुसऱ्याकडे चटकन जात नाही. झाकणाला दोन-तीन बारीक भोके पाडावीत. डब्यावर तारीख, आई-वडिलांची नावे आणि अंड्यांची संख्या लिहावी.

आता डब्याचे एकूण वजन करून तेही डब्यावर लिहावे. अंडी वाढताना डब्यातलेच पाणी शोषून घेतात, त्यामुळे एकूण वजन बदलत नाही. जे घटते ते बाहेर गेलेल्या वाफेमुळे. महिन्यातून एकदा वजन करून जितके ग्रॅम कमी झाले असतील तितकेच पाणी कडेने सोडावे, अंड्यांवर ओतू नये. ओलावा किती हे नजरेने ठरवण्यापेक्षा ही पद्धत खात्रीची आहे. झाकणाच्या आतून सतत थेंब गळत असतील तर ओल जास्त आहे. उबवणीच्या मध्यावर अनेक अंड्यांना एकाच वेळी खळ्या पडल्या तर ती कमी आहे.

व्हेल्डची अंडी २४ ते २७ अंश तापमानात ठेवावीत. रात्री दोन-तीन अंश उतरले तरी चालते, पण तापमान २९ च्या वर टिकून राहू देऊ नये. जास्त उबेत पिल्ले लवकर येतात हे खरे, परंतु ती लहान आणि अशक्त असतात, आणि काही अंड्यांतच मरतात. घरातील स्थिर तापमानाचे कपाट पुरेसे असेल तर वेगळे उबवणी यंत्र लागत नाही. जेथे खोली तापते तेथे मात्र गरम करण्याबरोबर थंड करण्याचीही सोय असलेले यंत्र हवे, कारण केवळ गरम करणारे यंत्र उन्हाळ्यात निरुपयोगी ठरते. तापमापकाचा संवेदक डब्यातच, अंड्यांच्या पातळीवर ठेवावा. तापमान वाढवून नर किंवा मादी मिळवता येतात असा समज आहे, तो या जातींना लागू नाही. पिल्लाचे लिंग गुणसूत्रांनीच ठरते.

पहिले दोन महिने काहीच घडत नाही असे वाटते, आणि बऱ्याच अंशी ते खरेच असते. व्हेल्डचा गर्भ अंडी घातल्यानंतर दोनेक महिने जवळजवळ निद्रिस्त राहतो आणि मगच वाढीला लागतो. पँथरमध्ये ही विश्रांती आणखी लांबते. मादागास्करमध्ये अंडी कोरड्या, थंड ऋतूतून जातात आणि नंतरच्या उबेने गर्भ जागा होतो. म्हणून अनेक अनुभवी पाळणारे पँथरची अंडी पहिले सहा आठवडे २४ अंशांच्या आसपास, पुढचे सहा ते आठ आठवडे १८ ते २० अंशांवर आणि त्यानंतर पुन्हा २४ ते २५ अंशांवर ठेवतात. अशी थंडी दिली तर गर्भांची वाढ एकदमच सुरू होते आणि पिल्ले फार मागेपुढे येत नाहीत. एकूण काळ सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत जाऊ शकतो. फुर्सिफर लाबोर्डी ही मादागास्करचीच आणखी एक जात तर आपल्या साधारण वर्षभराच्या आयुष्यातले आठ-नऊ महिने अंड्यातच काढते. शॅमेलिऑनच्या आयुष्यात अंड्यातला काळ किती मोठा असू शकतो, हे त्यावरून लक्षात यावे.

दोन महिन्यांनंतर एखादे अंडे जागेवरून न हलवता, अंधारात कडेने बारीक टॉर्च लावून पाहता येते. गुलाबी झाक आणि तांबड्या रक्तवाहिन्या दिसल्या तर गर्भ वाढतो आहे. एकसारखा पिवळा उजेड दिसला म्हणून मात्र लगेच अंडे बाद करू नये. गर्भ अजून निद्रिस्त असू शकतो. बुरशी आलेले, रंग बदललेले आणि वास येणारे अंडेच काढावे. ते शेजारच्या अंड्याला चिकटले असेल तर ओढाताण न करता तसेच राहू द्यावे, कारण जिवंत अंडे बहुधा बुरशीला दाद देत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी झाकण मिनिटभर उघडून हवा बदलावी. पुढे अंडी फुगत फुगत दुपटीच्या आसपास जातात.

पिल्ले बाहेर येताना

फुटण्याच्या एक-दोन दिवस आधी अंड्यावर घामासारखे थेंब येतात आणि फुगलेले अंडे थोडे बसते. त्यानंतर पिल्लू तोंडाच्या टोकावरील अंडदाताने कवच चिरते आणि नाकपुड्या बाहेर काढून थांबते. हा थांबा काही तासांचा किंवा पूर्ण दिवसाचा असू शकतो. त्या वेळात ते फुप्फुसांनी श्वास घ्यायला शिकते आणि उरलेला बलक पोटात ओढून घेते. याच वेळी त्याला बाहेर ओढले तर बलकाची पिशवी फाटते आणि पिल्लू मरते. डबा बंद, दमट आणि शांत ठेवावा. एकाच घोसातील पिल्ले काही दिवस, कधी काही आठवडे मागेपुढे येतात. जे पिल्लू पूर्ण बाहेर येऊन चालू लागले आहे आणि ज्याच्या पोटाला बलक चिकटलेला नाही, तेवढेच उचलावे. बाकीच्यांना त्यांचा वेळ घेऊ द्यावा.

पहिले तीन महिने

नुकतेच जन्मलेले पिल्लू शेपटीसह पाच ते सात सेंटिमीटर असते. एका लहान पिंजऱ्यात सहा ते दहापेक्षा जास्त पिल्ले ठेवू नयेत. फळमाश्या निसटणार नाहीत इतकी जाळी बारीक असावी, आत काडीएवढ्या जाडीच्या भरपूर डहाळ्या आणि बारीक पानांची रोपे असावीत, तळ मात्र मोकळा कागदाचा ठेवावा. पाण्याचे भांडे अजिबात ठेवू नये, कारण इतकी लहान पिल्ले उथळ पाण्यातही बुडतात. दिवसातून तीन-चार वेळा अतिशय बारीक फवारा द्यावा आणि दोन फवाऱ्यांच्या मध्ये पिंजरा सुकू द्यावा. शेकण्याच्या जागेचे तापमान २६-२७ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. एवढ्याशा शरीरात उष्णता झपाट्याने चढते, आणि दिव्याखाली तापून सुकलेली पिल्ले वाचवणे अवघड असते. अतिनील-ब दिवा हवाच, पण प्रौढांपेक्षा दूर आणि सौम्य.

पिल्ले पहिल्या दिवशी खात नाहीत, पोटातल्या बलकावर ती दोन-तीन दिवस काढतात. त्यानंतर मात्र भूक जबरदस्त असते. न उडणाऱ्या फळमाश्या आणि आठवडाभराचे, दोन-तीन मिलिमीटर लांबीचे रातकिडे हा पहिला आहार. एक पिल्लू दिवसाला दोन-तीन डझन फळमाश्या सहज फस्त करते. चाळीस पिल्लांसाठी रोज हजाराच्या घरात किडे लागतात. फळमाश्यांची लहान जात वाढवायला दोन आठवडे आणि मोठी जात वाढवायला तीन-चार आठवडे लागतात, आणि अंडी नेमकी कधी फुटतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून पाचव्या महिन्यापासून दर आठवड्याला एक-दोन नव्या बाटल्या लावत राहाव्यात. अंडी फुटल्यावर धावपळ करून हे साधत नाही. किड्यांवर कॅल्शियम रोज लावावे, पण अगदी हलके. पांढरे माखलेले किडे पिल्ले टाळतात. न खाल्लेले रातकिडे रात्री काढून टाकावेत, कारण ते झोपलेल्या पिल्लांना चावतात.

दोन-तीन आठवड्यांत आकारातला फरक उघड दिसू लागतो. मोठी पिल्ले लहानांना दबावात ठेवतात, उंच फांद्या आणि खाद्य बळकावतात, शेपट्या चावतात. लहान पिल्लू कोपऱ्यात काळे पडून बसते आणि खाणेच सोडते. त्यामुळे आकारानुसार गट करणे आणि दर आठवड्याला ते पुन्हा तपासणे हे या काळातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. काही पिल्ले सर्व काळजी घेऊनही जगत नाहीत. ती कोणत्या गटातली होती आणि किती वयाची होती याची नोंद ठेवावी; एकाच पिंजऱ्यात पाठोपाठ मरण आले तर तेथील तापमान, फवारा आणि खाद्य तपासावे.

व्हेल्डच्या नराला जन्मतःच मागच्या पायाच्या टाचेवर बारीक उंचवटा असतो, मादीला नसतो. भिंगातून तो पहिल्या दिवशीही दिसतो. पँथरचे लिंग ओळखण्यासाठी तीन ते पाच महिने थांबावे लागते. दोन महिन्यांपासून पिल्ले एकमेकांना रंग दाखवून धमकावू लागतात, आणि तिसरा महिना संपेपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र, दुसऱ्याच्या नजरेआडचा पिंजरा मिळायला हवा.

दुसऱ्याच्या हाती देताना

तीन महिन्यांचे होऊन सलग काही आठवडे नियमित खाणारे, शेपटी आणि बोटे शाबूत असलेले, डोळे टवटवीत असलेले पिल्लूच दुसऱ्याला द्यावे. त्याआधी देण्याची घाई केली तर प्रवासाचा आणि नव्या जागेचा ताण त्याला झेपत नाही. घेणाऱ्याचा पिंजरा, दिवा आणि खाद्याची सोय आधी लागली आहे की नाही हे प्रत्यक्ष किंवा छायाचित्रांवरून पाहावे, आणि ती नसेल तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. उरलेले पिल्लू बागेत किंवा रानात सोडणे हा पर्याय नाही. फ्लोरिडा आणि हवाईमध्ये मोकळे सुटलेले व्हेल्ड शॅमेलिऑन आता तेथे वाढून स्थानिक जिवांना उपद्रव देत आहेत, आणि हवाईत जॅक्सन्स शॅमेलिऑनचेही १९७२ पासून असेच झाले आहे.

पिल्लाबरोबर एक कागद द्यावा. त्यावर जन्मतारीख, आई-वडिलांचा वंश, पँथर असेल तर तो कोणत्या ठिकाणचा, ते आजवर काय खात आले आणि कोणत्या तापमानात राहिले, शेवटची कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची मात्रा कधी दिली, हे सारे स्वच्छ अक्षरात लिहावे. मादी पिल्लू असेल तर त्याच कागदावर, ती नराशिवायही अंडी घालेल आणि तिला पाच-सहा महिन्यांच्या वयापासून वाळूची पेटी लागेल, हे ठळकपणे नोंदवावे.